भट्टीचा पत्ता

मराठीच्या अध्यापकांकडे लोक शब्द मागायला येतात. लग्नपत्रिकेचा मायना, सत्काराचे मानपत्र, दुकानाची पाटी, सोसायटीचा ठराव, यांपैकी काहीही अडले की आमची आठवण होते, आणि विद्यापीठाने दिलेल्या पदवीचा एवढा तरी उपयोग होतो म्हणून आम्हीही ते काम आनंदाने करतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने असाच एक शब्द मागितला. तो पुण्यात एका क्राफ्ट ब्रुअरीत, म्हणजे जागेवर बिअर तयार करून जागेवरच विकणाऱ्या लहानशा कारखान्यात, नोकरी करतो. तसाच व्यवसाय आपल्या भागात सुरू करावा असे त्याच्या मनात आहे. पाटीवरची देवनागरी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांहून लहान असता कामा नयेत, आणि जेथे मद्य मिळते अशा जागेला महापुरुषांचे किंवा गडकिल्ल्यांचे नाव देता येत नाही, हे २०२२ च्या कायदादुरुस्तीत आले आहे. त्यामुळे साताऱ्याच्या किल्ल्याचे नाव देण्याचा त्याचा पहिला बेत बारगळला होता. "सर, मॅडम, नाव मी शोधतो. क्राफ्ट ब्रुअरीला मराठीत काय लिहायचं तेवढं सांगा," असे त्याने विचारले.

क्राफ्ट म्हणजे हाताची कारागिरी, ब्रुअरी म्हणजे भट्टी. आम्ही दोघांनी एकाच वेळी मनातल्या मनात समास जुळवला आणि एकाच वेळी हसलो. हातभट्टी! बिअर आंबवून होते आणि हातभट्टीची दारू आंबवल्यावर उकळून, वाफ थंड करून धरावी लागते, हा भेद मान्य केला तरी अनुवाद म्हणून शब्द अगदीच टाकाऊ नव्हता. थोडा माल, जवळचे गिऱ्हाईक, प्रत्येक खेपेला थोडी वेगळी चव आणि करणाऱ्याच्या हाताला असलेले महत्त्व, ही सगळी लक्षणे दोन्हीकडे आहेत. तरीही तो शब्द त्या पाटीवर कोणीही लिहिणार नाही. कारण ऐकणाऱ्याच्या मनात त्या दोन शब्दांबरोबर दोन पत्ते उभे राहतात. एक पत्ता ओढ्याच्या काठाचा, उसाच्या फडातला, वस्तीच्या मागचा. दुसरा पत्ता काचेच्या दर्शनी भिंतीचा. हे टिपण त्या पत्त्यांविषयी आहे, आणि थोडेसे आमच्या स्वतःच्या पत्त्याविषयीही.

आमच्यापैकी एक साताऱ्याच्या महाविद्यालयात शिकवतो आणि दुसरी सांगलीच्या. घर सांगलीत आहे. त्यामुळे गेली कित्येक वर्षे आठवड्याच्या शेवटी पुणे-मिरज लोहमार्गावरचा हा तुकडा आमच्या वाट्याला येतो. कधी एकट्याने, कधी दोघांनी. कराड मागे पडले की ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी ही स्थानके ओळीने येतात आणि खिडकीतून पाहणाऱ्याला एक गोष्ट हळूहळू उमगते. या मुलखात कोणता उद्योग कुठे बसावा याचा विचार फार जुना आहे. किर्लोस्करवाडीच उदाहरणादाखल घ्या. १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या कुंडलच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना नेला. माळ ओसाड होता, परंतु शेजारून रूळ जात होते. पुढे त्याच माळावरून 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिके महाराष्ट्रभर गेली. मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाचा एक पत्ता असा रेल्वेच्या सोयीने ठरला, हे साहित्याच्या इतिहासात आपण सहसा शिकवत नाही.

सांगलीजवळच्या हरिपूरचेही तसेच. देवलांचे हरिपूर म्हणून ते आम्हा मराठीवाल्यांना ठाऊक असते, पण व्यापाऱ्यांना ते हळदीच्या पेवांसाठी ठाऊक होते. तिथली माती अशी की जमिनीखाली खोल खड्डे घेऊन त्यात हळद साठवली तर ती वर्षानुवर्षे टिके. बाजारपेठ सांगलीत आणि साठवण हरिपुरात, ही विभागणी मातीने ठरवली होती. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि मातीवरचा तो भरवसाही बराचसा वाहून गेला.

यामागे एक साधे शास्त्र आहे. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ते मांडले. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर हा त्याचा भाऊ. कच्च्या मालाचे वजन प्रक्रियेत फार घटत असेल, तर कारखाना कच्च्या मालाजवळ जातो. शंभर किलो उसातून साखर निघते दहा-अकरा किलो, म्हणून साखर कारखाना उसाच्या रानात. चार किलो द्राक्षांचा सुमारे एक किलो बेदाणा होतो, म्हणून बेदाण्याची शेडे तासगावच्या बागांलगत. याउलट, ज्या मालात बहुतेक वजन पाण्याचे आहे आणि पाणी कुठेही मिळू शकते, तो माल गिऱ्हाइकाजवळ तयार करणे परवडते. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. माल्ट सुके, हलके, लांबून आणता येण्याजोगे. तेव्हा वाइन द्राक्षाकडे जाते आणि बिअर पिणाऱ्याकडे येते, असा ढोबळ नियम सांगता येईल.

आमच्या गाडीच्या वाटेवर त्या नियमाचा पूर्वार्ध पाहायला मिळतो. राज्याच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर औद्योगिक विकास महामंडळाने नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभारले. पलूस किर्लोस्करवाडीच्या अगदी लगत आहे. द्राक्ष जवळ, पाणी जवळ, रेल्वे जवळ, म्हणजे वेबरसाहेबांच्या हिशेबात कुठेच खोट नव्हती. तरी नाशिकच्या मानाने पलूसचे पार्क फुलले नाही. आमच्या भागातील शेतकऱ्याने जीव लावला तो खाण्याच्या आणि बेदाण्याच्या द्राक्षाला. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेले 'तास-ए-गणेश' हे वाण त्या प्रेमाचेच फळ. वाइनला वेगळे वाण लागते. शिवाय नाशिकला मुंबईचा पर्यटक मोटारीने तीन-चार तासांत पोचतो, पलूसला तो वाट वाकडी करून येत नाही. कच्चा माल बोलावतो हे खरे, पण पिणारा यायला हवा, हेही खरेच.

नियमाचा उत्तरार्ध पाहायला आम्हाला पुण्यास जावे लागले. २०२५ च्या जून महिन्यात एका चर्चासत्राच्या निमित्ताने आम्ही दोघेही पुण्यात होतो. विद्यार्थ्याला ते कळले आणि त्याने आग्रहाने आपल्या कामाची जागा दाखवायला नेले. तो तासगावकडचा, बेदाण्याच्या घरातला मुलगा. विज्ञान शाखेचा असूनही पहिल्या वर्षी आमच्या भित्तिपत्रकासाठी कविता आणून देत असे. पुण्याच्या पूर्व भागातल्या त्या जागेत शिरताना आम्हाला थोडे अवघडल्यासारखे झाले, हे कबूल करतो. कोणी ओळखीचे भेटेल का, ही भीती पन्नाशीकडे झुकलेल्या वयातही मराठी प्राध्यापकाला सोडत नाही.

आत काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या चकाकत होत्या. आमच्या विद्यार्थ्याने त्या एखाद्या ग्रंथपालाने दुर्मीळ पोथ्या दाखवाव्यात तशा दाखवल्या. जागा कशी निवडतात, असे आम्ही विचारले. त्याने बोटांवर मोजले. पहिली गोष्ट जमिनीची ताकद: हजार लिटरची टाकी भरली की नुसत्या पाण्याचेच वजन एक टन, आणि अशा टाक्या अनेक. दुसरी, छताची उंची. तिसरी, पाणी आणि ते वाहून जाण्याची सोय, कारण टाक्या धुण्यातच बिअरच्या कितीतरी पट पाणी जाते. चौथी, परवाना मिळण्याजोगा पट्टा. पाचवी, भाडे. या पाचही गोष्टी शहराच्या कडेला, जुन्या कारखान्यांच्या आणि गोदामांच्या भागात एकत्र सापडतात. "आणि सहावी गोष्ट सर, शुक्रवारी संध्याकाळी पगार खिशात असलेली माणसं दहा मिनिटांच्या अंतरावर पाहिजेत." मुंढवा, कोरेगाव पार्क, हडपसर ही नावे आमच्या डोळ्यांसमोरून गेली. कचेऱ्यांचे मनोरे, त्यांच्या लगतचे नवे गृहप्रकल्प आणि मध्ये शिल्लक राहिलेली औद्योगिक जमीन. शहरातली प्रतिष्ठित जुनी पेठ या यादीत बसत नाही. तिथे छत बुटके, बोळ अरुंद आणि शेजारी जागरूक.

जगातही साधारण असेच घडले आहे. अमेरिकेत डेन्व्हर शहरात १९८८ मध्ये 'विनकूप' ही ब्रुअरी निघाली ती घाऊक मालाच्या एका जुन्या इमारतीत, ओस पडलेल्या गोदामांच्या वस्तीत. पुढे त्या वस्तीचे रूप पालटले, भाडी चढली, आणि ब्रुअरीच्या संस्थापकांपैकी एक जॉन हिकनलूपर २००३ मध्ये शहराचे महापौर व त्यानंतर राज्याचे गव्हर्नर झाले. आपल्याकडे मुंबईत 'बार्किंग डिअर' ही ब्रुअरी लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात आली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या त्या आवारांचे काय झाले हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. जयंत पवारांच्या 'अधांतर' या नाटकातले घर त्याच मुलखातले. उंच छत, दणकट जमीन आणि मोकळे आवार या ज्या गुणांसाठी ब्रुअरी तिथे गेली, ते गुण सूत काढणाऱ्या यंत्रांसाठी निर्माण केलेले होते. जागा रिकामी मिळाली असे आपण म्हणतो. ती रिकामी केव्हा आणि कोणाची झाली, हे त्या वाक्यात येत नाही.

नावांचेही प्रवास असतात. महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये पुण्याच्या कडेला एका क्लबच्या आवारात सुरू झाली, तिचे नाव 'डूलाली'. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ डोके फिरलेला. मूळ मात्र आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत कंटाळलेल्या गोऱ्या सैनिकांनी गावाच्या नावाचा वेडेपणा केला. एक मराठी गाव इंग्रजीत जाऊन विशेषण झाले आणि शंभरावर वर्षांनी पुण्यात पाटी होऊन परतले. आम्ही ही व्युत्पत्ती सांगितली तेव्हा विद्यार्थी खूश झाला. त्याने आग्रह केला आणि आम्ही प्रत्येकी एक पेला घेतला. गडकऱ्यांच्या वाचकांना 'एक' या शब्दावर हसू येईल, येऊ द्यावे. पेय कडवट, किंचित फळाच्या वासाचे आणि खरोखर चांगले होते.

परतीच्या गाडीत आमचे बोलणे इतिहासाकडे वळले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू तयार करण्याची जागा आणि पिण्याची जागा यांची कडक फारकत पक्की केली. उत्पादन सरकारी पहाऱ्याखाली ठरावीक ठिकाणी, जसे की उरणच्या भट्ट्या, आणि विक्री मक्त्याने दिलेल्या दुकानांत. 'गुत्ता' या शब्दाचा जुना अर्थच मक्ता. म्हणजे ज्या शब्दात आज आपल्याला घाण वास येतो, तो शब्द मुळात महसुली दप्तरातला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर १८९२ च्या कायद्याने मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. झाडाखाली, घरामागे, आपल्यापुरते करून पिणे हा त्या दिवसापासून गुन्हा झाला, आणि 'हातभट्टी' लपली. तिने निवडलेल्या जागाही एका अर्थी शास्त्रशुद्धच म्हणायच्या: पाणी जवळ, सरपण जवळ, रस्ता लांब. हल्लीच्या मायक्रोब्रुअरीने ती फारकत पुन्हा मिटवली. करण्याची आणि पिण्याची जागा पुन्हा एक झाली, मध्ये फक्त काच आली. आणि या सगळ्याला परवानगी देणारा कायदा आहे १९४९ चा, ज्याच्या नावात आजही 'दारूबंदी' हा शब्द आहे.

कायद्याला जागा समजते ती अंतराच्या भाषेत. शाळेपासून इतके मीटर, देवळापासून तितके. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालाने महामार्गापासून पाचशे मीटरचे अंतर घातले, तेव्हा १ एप्रिल २०१७ पासून सातारा-कराड रस्त्यावरच्या कितीतरी परमिट रूमची दारे बंद झालेली आम्ही पाहिली. मार्चअखेरच्या सुधारणेत लहान गावांसाठी ते अंतर २२० मीटर झाले आणि जुलैत पालिका हद्दींविषयी खुलासा आला. त्या काही महिन्यांत रस्त्यालगत टेप धरून उभी असलेली माणसे दिसत. दारूचे मोजमाप मीटरमध्ये करण्याचा तो काळ होता. वाहनचालकाचा जीव वाचावा हा त्यामागचा हेतू रास्तच होता. पण घरापर्यंतचे अंतर कोणत्या टेपने मोजायचे, हा प्रश्न तेव्हा आमच्या मनात आला नव्हता.

तो आला एका वेगळ्याच वाटेने, आणि ती वाट आमच्याच इमारतीतून जाते.

पुण्याच्या त्या भेटीपूर्वी दोन महिने आमच्या सोसायटीची सभा झाली होती. तळमजल्यावर दुकानाचे चार गाळे आहेत. त्यातल्या एकात बिअर शॉपी आणण्याचा एका व्यावसायिकाचा विचार होता. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात अशा नव्या दुकानासाठी संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक राहील, असे राज्य शासनाने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केले होते, आणि आमच्या सभासदांनी ती बातमी कापून सूचनाफलकावर लावली होती. सभेत एकमत होते. ठराव लिहिण्याचे काम अर्थातच आमच्याकडे आले. आम्ही तो मन लावून लिहिला. 'संस्कारक्षम वयातील मुले', 'महिलांची सुरक्षितता', 'परिसराचे सांस्कृतिक वातावरण', असे सगळे त्यात आले. शेवटचे वाक्य तर इतके डौलदार जमले की सचिवांनी ते सभेत दोनदा वाचले. दुकान आले नाही. आम्हाला समाधान वाटले, आणि दोन महिन्यांनी काचेच्या भिंतीमागे पेला हातात घेताना त्या ठरावाची आम्हाला आठवणही झाली नाही.

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी नदीच्या बाजूला सखल भागातल्या वस्तीत राहतात. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत त्यांच्या घरात कृष्णेचे पाणी आले होते. दिवाळीच्या सुमारास एके सकाळी भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या हितलं दुकान आमच्याकडं आलं की." आम्हाला क्षणभर उमगले नाही. मग त्यांनी सविस्तर सांगितले. तोच माणूस, तीच पाटी, वस्तीच्या तोंडाशी असलेल्या एका पत्र्याच्या गाळ्यात. "तुमी कागद केला म्हणून तुमच्याकडनं गेलं. आमच्याकडं सोसायटी कुठाय कागद करायला?"

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस आला, भाजी महागली, तशाच सुरात त्यांनी ते सांगितले. पण त्या एका वाक्यात आमचा ठराव, त्यातील डौलदार वाक्यासह, उघडा पडला. ना-हरकत प्रमाणपत्र संस्था देते. संस्था नोंदणी केलेली लागते. ज्यांच्या डोक्यावरचे छप्परच नोंदलेले नाही, त्यांची हरकत कुठे नोंदवायची? आम्ही दारूला विरोध केला नव्हता. आम्ही तिचा पत्ता बदलून दिला होता. आणि आम्हाला स्वतःला प्यावेसे वाटले तेव्हा आम्ही सव्वादोनशे किलोमीटरवरच्या तिसऱ्या पत्त्यावर गेलो होतो, जिथे शेजारी कोण राहतो हे विचारण्याचे आम्हाला कारणच पडले नाही.

त्या रात्री आम्ही 'एकच प्याला' पुन्हा वाचायला घेतले. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला त्याचा पहिला प्रयोग केला. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची. त्यांचे मूळ गाव म्हणून सांगितले जाणारे नागठाणे याच पलूस तालुक्यात, वाइन पार्कापासून फार लांब नाही. वर्षानुवर्षे हे नाटक शिकवताना आम्ही सुधाकराचे अधःपतन, तळीरामाचा विनोद, सिंधूचे पातिव्रत्य अशा मुद्द्यांनी ते शिकवले. या खेपेला आमचे लक्ष जागांकडे गेले. 'आर्य मदिरा मंडळ' ही पिण्याची जागा आहे, शिकल्यासवरल्या माणसांची, हास्यविनोदाची, तत्त्वचर्चेची. एका परीने आजच्या क्राफ्ट ब्रुअरीची ती पूर्वजच म्हणता येईल. पण पेला भरला जातो मंडळात आणि त्याचे मोल फेडले जाते सिंधूच्या जात्यावर, लोकांची दळणे दळून. नाटककाराने पिण्याचा पत्ता आणि फेडण्याचा पत्ता वेगळे ठेवले आणि प्रेक्षकाला दोन्ही दाखवले. आमच्या ठरावाने फक्त पहिल्या पत्त्याचा विचार केला होता.

उद्योगाच्या जागेविषयीचे जे शास्त्र वर सांगितले, तेही पहिल्याच पत्त्याचे आहे. छताची उंची, जमिनीची ताकद, गिऱ्हाइकाचे अंतर, हे सगळे त्यात मोजता येते. दुसरा पत्ता मोजायला अडचण अशी की तो दुष्काळ किंवा पूर आल्याशिवाय दिसत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात पिण्याच्या पाण्याची दशा झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिथल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याने कपात करण्याचा आदेश दिला, तेव्हा वाळूजच्या बिअरचा दुसरा पत्ता साऱ्या महाराष्ट्राला कळला. तो जायकवाडीच्या जलाशयात होता.

आमच्या विद्यार्थ्याशी या सर्वांविषयी आम्ही बोललो. त्याला बरे वाटावे म्हणून सगळेच ब्रुअरीवाले सारखे नसतात, असे आम्ही म्हणणार होतो, पण त्यानेच आम्हाला थांबवले. महागडी बिअर वस्तीतल्या माणसाच्या खिशाला परवडत नाही, म्हणून आपला धंदा त्याचे घर बुडवत नाही, हे उत्तर तो पुण्यात नेहमी ऐकतो, असे तो म्हणाला. ते त्याला अर्धे पटते. उरलेले अर्धे असे की चांगली जागा एकदा रुळली की तिच्या आजूबाजूचे भाडे चढते, आणि तिथे आधी राहणारा माणूस आणखी सखल जागी जातो. साताऱ्यात कास-महाबळेश्वराकडे जाणारा प्रवासी मिळेल, पण तो एकदाच येईल. सांगलीत रोजचे गिऱ्हाईक मिळेल, पण जागा मिळणार नाही. तेलाची एक बंद पडलेली गिरणी त्याने पाहून ठेवली आहे. छत उंच आहे, जमीन दणकट आहे. "मागच्या बाजूला काय आहे ते अजून बघितलं नाही मॅडम. तुम्ही एकदा बरोबर चला," असे तो म्हणाला. आम्ही जाणार आहोत.

मावशींना मात्र आम्ही कागद लिहून दिला. प्रभागातील महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के महिलांनी सह्या करून मागणी केली, तर दुकान राहावे की जावे यावर गुप्त मतदान घेण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. उभी बाटली की आडवी बाटली, असे त्या मतदानाला लोक म्हणतात. मागणीच्या अर्जाचा मसुदा आम्ही ठरावाच्याच भाषेत केला होता. मावशींनी तो आमच्याकडून वाचून घेतला आणि म्हणाल्या, "ते संस्कारक्षम काढा. ते आमचं न्हाई." मग त्यांनी सांगितले तसे आम्ही लिहिले. शनिवारी पगार होतो आणि दुकान रस्त्याच्या तोंडाशी असल्यामुळे घरी यायला दुसरी वाट नाही. मुली शिकवणीहून साडेसातला येतात. दिव्याचा खांब बंद आहे. पुराच्या वेळी बाहेर पडायचा रस्ताही तोच आहे.

चार वाक्यांचा अर्ज झाला. आमच्या हातून लिहिले गेलेले ते बहुधा सर्वांत नेमके मराठी असेल, आणि त्यातला एकही शब्द आमचा नाही. सह्या गोळा करणे चालू आहे. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे चालतील का, हे विचारायला मावशी परवा कचेरीत गेल्या होत्या, तिथून त्यांना उद्या या म्हणून सांगितले आहे.

विद्यार्थ्याला शब्द द्यायचा राहिला आहे. तूर्त आम्ही त्याला 'क्राफ्ट ब्रुअरी' असेच देवनागरीत लिहायला सांगितले. गिरणीची मागची बाजू पाहून आल्यावर, जमल्यास, मराठी शब्द सुचवू.